ओठ शिवला, टाळूचे काय?

२२ फेब्रुवारी २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर पारितोषिके जाहीर झाली. त्या दिवशी आपल्याकडे सगळी चर्चा झाली ती ‘स्लमडॉग मिलियनेअर’ची. पण त्याच समारंभात उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मुलीवरच्या माहितीपटालाही लघु माहितीपटाचे पारितोषिक मिळाले. ‘स्माईल पिंकी’ हे त्याचे नाव. लांबी ३९ मिनिटे, दिग्दर्शिका मेगन मायलन, भाषा भोजपुरी आणि हिंदी. म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या मुलांनाही बराचसा समजेल असा, एका तासिकेत बसणारा हा चित्रपट आहे.

पिंकी पाच-सहा वर्षांची आहे. तिचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे. इतर मुले तिला चिडवतात, खेळायला घेत नाहीत. वाराणसीच्या एका रुग्णालयात अशा मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होते, ही माहिती घेऊन एक समाजसेवक गावोगाव हिंडत असतो. त्याची आणि पिंकीच्या घरच्यांची गाठ पडते. वडील तिला वाराणसीला नेतात, शस्त्रक्रिया होते आणि पिंकीला तिचा नवा चेहरा मिळतो. तिच्याहून मोठ्या एका मुलाची अशीच कहाणी जोडीने उलगडत जाते.

हा चित्रपट शिक्षकांनी पाहावा आणि मुलांना दाखवावा, असे आमचे मत आहे. पण तो दाखवून दिवे लावले आणि मुले टाळ्या वाजवून घरी गेली, एवढ्यावर थांबू नये, असेही आमचे मत आहे. कारण या चित्रपटात जे आहे ते खरे असले, तरी जे नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. ते काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

चित्रपटाचे बळ

आधी चांगल्या बाजू पाहू. पडद्यामागून कोणी निवेदक भाषण देत नाही. माणसे आपापल्या बोलीत बोलतात आणि कॅमेरा ऐकतो. त्यामुळे ‘बिचारे खेडूत’ असा सूर कुठेही लागत नाही. पालकांचे मुलांवर प्रेम आहे, हे स्पष्ट दिसते. त्यांच्याकडे नसतात ते पैसे आणि नसते ती माहिती. ओठ शिवता येतो, हेच ज्याला ठाऊक नाही, तो डॉक्टरकडे जाईल कशाला? वैद्यकीय ज्ञान रुग्णालयात असून भागत नाही, कोणीतरी ते पायी चालत उंबऱ्यापर्यंत न्यावे लागते, ही गोष्ट या चित्रपटाइतकी सहजपणे सांगणारे पाठ्यपुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉ. सुबोधकुमार सिंह वाराणसीचेच आहेत. परदेशी डॉक्टरांची तुकडी यायची, आठवडाभर शस्त्रक्रिया करायची आणि निघून जायची, अशी पद्धत पूर्वी बरीच रूढ होती. टाके पिकले तर दाखवायचे कोणाला, हा प्रश्न मग उरायचा. चित्रपटामागे जिचे पाठबळ आहे त्या ‘स्माईल ट्रेन’ या १९९९ साली स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेने स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षण आणि पैसा देण्याचा मार्ग धरला. तो अधिक शहाणपणाचा आहे.

पण पाठबळ देणाऱ्याचा दृष्टिकोन चित्रपटात उतरतोच. या संस्थेच्या त्या काळातील जाहिराती सांगत, की २५० डॉलर आणि ४५ मिनिटे एवढ्यात एका मुलाचे आयुष्य बदलते. देणगीदाराला हे वाक्य पटकन समजते. चित्रपटाची कथाही याच वाक्याच्या आकाराची आहे: आधीचे दुःख, मधली शस्त्रक्रिया, नंतरचे हसू. आमचे तीन आक्षेप या आकाराशी आहेत.

पहिला आक्षेप : कथा पाच वर्षे उशिरा सुरू होते

पिंकी आपल्याला भेटते ती चालती-बोलती, धावणारी मुलगी म्हणून. म्हणजे ती जगलेली आहे. जी मुले पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दगावली, ती चित्रपटात येऊच शकत नाहीत. त्यांची गाठ कोणत्याही समाजसेवकाशी पडत नाही. संख्याशास्त्र शिकवताना आपण सांगतो, की नमुन्यात कोण आहे याबरोबरच कोण नाही हेही विचारावे. येथे ते विचारायला हवे.

ही मुले दगावतात कशी? नुसत्या दुभंगलेल्या ओठाने सहसा नाही. ओठच तेवढा दुभंगलेला असेल, तर आईने थोडी युक्ती केली, स्तनाने फट झाकली जाईल असे बाळाला धरले, की बहुतेक बाळे अंगावर पितात. खरा धोका टाळू दुभंगलेली असते तेव्हा.

येथे शब्दाचा एक घोटाळा आधी दूर करू. टाळू म्हटले की आपल्या आजीला बाळाच्या डोक्यावरची, तेल भरायची मऊ जागा आठवते. आपण बोलतो आहोत ती तोंडातली टाळू, म्हणजे तोंडाचे छत. पुढे ते हाडाचे आणि कठीण असते, मागे स्नायूंचे आणि मऊ असते. अगदी शेवटी पडजीभ लोंबते. हे छत म्हणजेच नाकाची जमीन. छताला चीर असेल तर तोंड आणि नाक या दोन खोल्या एक होतात.

आता बाळ दूध कसे ओढते ते पाहा. ते ओठांनी स्तनाग्राभोवती पकड घेते, जीभ खाली नेते आणि तोंडातल्या पोकळीतील हवेचा दाब कमी होतो. सरबताच्या नळीचे तत्त्व तेच. नळीला मध्येच भोक पाडून सरबत ओढायला मुलांना सांगा. गाल आत जातील, पण सरबत वर चढणार नाही, कारण भोकातून हवा आत येते. दुभंग टाळूच्या बाळाचे नेमके हेच होते. नाकातून हवा येते, दाब कमी होत नाही, दूध ओढले जात नाही. जे थोडे तोंडात येते त्यातले काही नाकातून बाहेर पडते, काही श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळ तासभर आईच्या अंगाला असते, घामाघूम होते, दमून झोपते. घरच्यांना वाटते पोट भरले. प्रत्यक्षात ते उपाशी झोपलेले असते.

यावरचा उपाय शस्त्रक्रियेहून कितीतरी साधा आहे. आईने दूध स्वच्छ भांड्यात पिळून काढायचे. बाळाला आडवे न ठेवता जवळजवळ बसते धरायचे, म्हणजे दूध नाकाकडे न जाता घशाकडे जाते. मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजायचे, प्रत्येक घोट गिळला गेला याची खात्री करत. मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही बाळे दुधाबरोबर हवाही पुष्कळ गिळतात. आपल्या घरांतून अडगळीत गेलेले बोंडले येथे उपयोगी पडते, मात्र ते दर वेळी उकळून घेतलेले हवे आणि घाईने नरड्यात दूध ओतण्याची जुनी रीत नको. दर आठवड्याला वजन करायचे. वजन वाढते आहे का, हीच पोट भरल्याची खरी साक्ष. वजन वाढत नसेल किंवा पाजताना बाळ निळे पडत असेल, तर थांबून न राहता डॉक्टर गाठायचा.

या वजनाचा शस्त्रक्रियेशी थेट संबंध आहे. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन बरीच वर्षे ‘दहाचा नियम’ वापरत आले आहेत: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि रक्तातले हिमोग्लोबिन १० ग्रॅम. याहून लहान वा अशक्त बाळाला भूल देणे धोक्याचे. आता वर्गात एक गणित घाला. जन्मवजन अडीच किलो आहे. बाळ रोज २५ ग्रॅम वाढले, तर साडेचार किलो व्हायला किती दिवस लागतील? २००० भागिले २५, म्हणजे ८० दिवस. पहिल्या काही दिवसांतली नेहमीची घट धरली, तर साधारण तीन महिने. आणि पाजण्याचे न जमल्यामुळे ते रोज १० ग्रॅमच वाढले तर? २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक. चमचा नीट हाताळता आला नाही, तर शस्त्रक्रियेची तारीखच पुढे ढकलली जाते, हे मुलांना या एका भागाकारातून कळेल.

चित्रपटातल्या समाजसेवकाच्या पिशवीत शस्त्रक्रियेची माहिती असते. बाळ जन्मल्या दिवशीच त्याच्या आईपाशी जाऊन ‘असे धर, असे पाज’ हे दाखवणारी बाई आम्हांला त्या कथेत हवी होती.

दुसरा आक्षेप : जे दिसते तेवढेच

चित्रपट हे डोळ्यांचे माध्यम. ओठ दिसतो, म्हणून कथा ओठाची होते. टाळू दिसत नाही. पण मुलाच्या पुढच्या आयुष्यावर, विशेषतः शाळेतल्या आयुष्यावर, ओठापेक्षा टाळूचा परिणाम जास्त होतो.

मराठी वर्णमालेकडे पाहा. ती मांडणाऱ्यांनी ध्वनीची किती बारकाईने फोड केली आहे! क, ख, ग, घ आणि शेवटी ङ. प, फ, ब, भ आणि शेवटी म. प्रत्येक वर्गातले पहिले चार वर्ण उच्चारताना मऊ टाळू वर उचलली जाते, घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाचा रस्ता बंद करते. मग तोंडात हवेचा दाब साठतो आणि ओठ किंवा जीभ सुटताच वर्ण फुटतो. पाचव्या वर्णाला ती खाली राहते, हवा नाकातून जाते. ‘ब’ आणि ‘म’ यांत ओठांचे काम एकच आहे. फरक काय तो या मागच्या दाराचा.

मुलांना हे करून पाहू द्या. नाक चिमटीत धरून ‘बाबा’ म्हणा. काही फरक पडणार नाही. आता तसेच धरून ‘मामा’ म्हणा. ते ‘बाबा’सारखे ऐकू येईल. दुसरा प्रयोग. लहानसा थंड आरसा नाकपुड्यांखाली आडवा धरा, श्वास क्षणभर रोखा आणि ‘बाबा’ म्हणा. आरसा स्वच्छ राहील. ‘मामा’ म्हणताच त्यावर वाफ धरेल. वाणीतज्ज्ञही असा आरसा वापरतात.

ज्याची टाळू दुभंगलेली आहे, त्याचे मागचे दार लागतच नाही. त्याच्या ‘बाबा’ची हवा नाकातून निघून जाते आणि कानावर पडते ते ‘मामा’सारखे काहीतरी. ‘द’चा ‘न’ होतो, ‘ग’चा ‘ङ’ होतो. दाब साठत नाही म्हणून मूल मग घशातच हवा अडवून एक वेगळाच, तुटक आवाज काढायला शिकते. एकदा ही सवय जिभेला आणि घशाला लागली, की पुढे टाळू शिवली तरी ती आपोआप जात नाही.

म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. ओठ साधारणतः ३ ते ६ महिन्यांच्या वयात शिवतात, टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल शब्द जुळवू लागण्याच्या सुमारास. ओठाची शस्त्रक्रिया उशिरा झाली, तर मधल्या काळातले चिडवणे आणि दुःख भरून येत नाही हे खरे, पण ओठ पाचव्या वर्षीही चांगला शिवता येतो. टाळूचे तसे नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी टाळू शिवली, तर गिळण्याला आणि इतर गोष्टींना उपयोग होतोच, पण बोलणे स्वच्छ होण्याची शक्यता पुष्कळ कमी झालेली असते. पिंकीची कथा पाहून एखाद्या बापाने ‘पोर जरा मोठी होऊ दे, मग नेऊ’ असे ठरवले आणि पोरीची टाळू दुभंगलेली असली, तर? चित्रपटाने खोटे काहीच सांगितलेले नाही, पण निष्कर्ष चुकीचा निघू शकतो. आमच्या मते ही चित्रपटाची सर्वांत गंभीर उणीव आहे.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे कान. घशाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. आपण गिळतो तेव्हा मऊ टाळूचे स्नायू ती उघडतात आणि कानात हवा खेळते. विमानात किंवा घाटात कानाला दडे बसल्यावर आवंढा गिळला की मोकळे वाटते, ते यामुळेच. टाळू दुभंगलेली असेल तर हे स्नायू आपले काम नीट करू शकत नाहीत. मधल्या कानात द्रव साचतो आणि ऐकू कमी येते. अशा मुलाला हळू बोललेले कळत नाही, त्याचे स्वतःचे बोलणेही स्पष्ट नसते, आणि वर्गात त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. डोक्यात काही कमी नसते, कानात द्रव असतो.

पुढेही कामे असतात. हिरडीतही चीर असेल, तर सातव्या ते अकराव्या वर्षांच्या सुमारास, सुळा येण्याआधी तेथे हाड भरावे लागते. दात सरळ करावे लागतात. वाणी-उपचार महिनोन् महिने चालतात. ४५ मिनिटांत होते ती एक शस्त्रक्रिया. उपचार मात्र बाळाच्या पहिल्या दिवसापासून ते दहावीच्या परीक्षेच्या आगेमागेपर्यंत चालतो. पुढच्या काळात स्वतः ‘स्माईल ट्रेन’नेही वाणी-उपचार आणि पोषण यांना मदत द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट आमच्या आक्षेपाला बळकटीच देते.

तिसरा आक्षेप : ‘का’ हा प्रश्न

हे होते कशामुळे, याच्या खोलात चित्रपट शिरत नाही. त्याला तो हक्क आहे. पण आपल्या वर्गात चित्रपट संपताच पहिला हात वर होईल तो याच प्रश्नाचा, आणि उत्तरही कोणीतरी मागच्या बाकावरून देईल: आईने ग्रहणात काहीतरी चिरले असणार.

या समजुतीची चेष्टा न करता ती तपासायला घ्यावी. आधी घटना कधी घडते ते पाहू. गर्भाचा चेहरा अनेक उंचवट्यांनी मिळून बनतो. मधला उंचवटा वरून खाली येतो, दोन्ही बाजूंचे उंचवटे कडेने मध्याकडे सरकतात आणि एकमेकांना जुळतात. गर्भधारणेपासून मोजले तर चौथ्या ते सातव्या आठवड्यांत वरचा ओठ असा सांधला जातो. नाकाखाली ओठावर जी उभी पन्हळ आहे, तिच्या दोन कडा चाचपून पाहा. त्या या सांध्याच्या आसपासच्याच खुणा. टाळूची दोन पाती आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभी लोंबतात, मग जीभ खाली जाते, पाती आडवी होतात आणि मधोमध जुळतात. हे काम सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत होते. म्हणजे दुभंग हा कापल्याने झालेला नसतो. काहीही चिरले गेलेले नसते, जे जुळायचे ते जुळायचे राहिलेले असते. आईला दिवस गेल्याचे बाहेर दिसू लागते, तोवर ओठाचा निकाल लागून गेलेला असतो.

आता ग्रहण घेऊ. २४ ऑक्टोबर १९९५ला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण झाले. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते, महाराष्ट्रात खंडग्रास. ग्रहणाने ओठ दुभंगत असेल, तर त्या दिवशी ज्यांचा ओठ सांधला जात होता तेच गर्भ सापडले असते. अशी मुले जन्मली असती मे १९९६ची अखेर ते जूनचा मध्य या तीन आठवड्यांत. म्हणजे त्या तीन आठवड्यांत अशा मुलांची झुंबड आणि आगेमागे महिनोन् महिने कोणीच नाही, असे दिसायला हवे. पण अशी मुले दर वर्षी, दर महिन्याला जन्मतात, ग्रहण असो वा नसो. सुमारे ७०० ते १००० जन्मांमागे एक, हे प्रमाण. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख जन्म होतात. भागाकार केला तर वर्षाला २३ हजार ते ३३ हजार अशी बाळे. ज्या जिल्ह्यात वर्षाला ५० हजार जन्म होतात, तेथे ५० ते ७०. दर आठवड्याला एक. इतकी ग्रहणे आणायची कोठून?

मग खरे कारण? एकच एक कारण नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि त्यात परिस्थितीची भर पडते: गरोदरपणातले धूम्रपान, अपस्मारावरची काही औषधे, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, काही अंशी पोषणातली कमतरता. अपस्मार असलेल्या स्त्रीने मात्र औषध मनाने बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. आईवडिलांपैकी कोणालाच हे व्यंग नसेल आणि एक मूल असे जन्मले, तर पुढच्या मुलात ते येण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच असते. पुष्कळदा नेमके कारण सांगताच येत नाही, आणि ‘सांगता येत नाही’ हे विज्ञानाचे प्रामाणिक उत्तर असू शकते, हेही मुलांना कळावे.

हा केवळ वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रश्न नाही. ग्रहणाच्या समजुतीचा अर्थ असा होतो, की हे आईच्या हातून घडले. ज्या बाईला बाळंतपणातून उठून दोन-दोन तासांनी चमच्याने दूध पाजायचे आहे, तिलाच घरातले गुन्हेगार ठरवतात. अपराधी ठरवलेली आई बाळ लपवते, आणि लपवलेल्या बाळापर्यंत मदत पोहोचत नाही.

शाळेचे काम

मदत आता पूर्वीपेक्षा जवळ आली आहे, हेही सांगायला हवे. पिंकीच्या वेळी गावोगाव हिंडणाऱ्या एका माणसावर सारे अवलंबून होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करून त्यांना पुढच्या उपचारांसाठी पाठवणे हे त्याचे काम, आणि शोधायच्या जन्मजात व्यंगांत दुभंग ओठ व टाळू यांचा समावेश आहे. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. म्हणजे चित्रपटात आम्हांला जी बाई हवी होती, ती कागदावर तरी आहे. तिने बाळाचे तोंड उघडून टाळू पाहिली आणि आईला पाजणे दाखवले, तर कथा पाचव्या वर्षी नव्हे, तिसऱ्या दिवशी सुरू होईल.

शिक्षकाच्या वाट्याला काय येते? नाकात बोलणारे, ‘प’ आणि ‘क’ न फुटणारे मूल वर्गात असेल, तर त्याचा ओठ धड असला तरी टाळूची शंका घ्यावी. कधी कधी टाळूचे वरचे कातडे जुळलेले असते आणि आतले स्नायू दुभंगलेले असतात. पडजिभेला दोन टोके असणे ही त्याची एक खूण. अशा मुलाला तपासणीच्या पथकाला दाखवावे, तोवर पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे. तोंडी परीक्षेत त्याच्या उच्चारांचे गुण कापू नयेत. वर सांगितलेले आरशाचे प्रयोग सगळ्या वर्गाने करावेत, पण त्याला पुढे बोलावून त्याच्यावर कधीही करू नयेत. तो वर्गात असेल तर चित्रपट दाखवण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी बोलावे, आणि त्यांना नको असेल तर दाखवू नये.

हा शेवटचा मुद्दा चित्रपटालाही लागू आहे. पिंकीचा चेहरा जगभर गेला. २०१३ साली विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हातून झाली. आम्हांला त्याचा आनंद वाटला. तरीही एका लहान मुलीचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ कायमचे जगाच्या नजरेसमोर राहिले, याचीही नोंद करावीशी वाटते. सहा वर्षांच्या मुलीला त्याची परवानगी कोणी खऱ्या अर्थाने विचारू शकत नाही.

चित्रपट जरूर पाहा. पाहून झाल्यावर मुलांना एक काम द्या. आपल्या गावातल्या आशाताईंना भेटून विचारायचे, की बाळाची टाळू कधी तपासतात, दूध नाकातून येणाऱ्या बाळाला कसे पाजायचे हे त्यांना कोणी शिकवले आहे का, आणि पुढे कोठे पाठवायचे याचा पत्ता त्यांच्याकडे आहे का. उत्तरे वर्गात फळ्यावर मांडा. तीनांपैकी एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवा. या आठवड्यात जिल्ह्यात जे एक बाळ जन्मेल, त्याच्यासाठी या पत्राची किंमत मोठी आहे.